ग्राहक पळाले तरी नफा वाढला, हे कसं काय भाऊ?

वाचक विचारतात : यावेळी फक्त मोबाईल कंपन्या

दिवाळी झाली, सप्टेंबर २०२५ च्या तिमाहीचे निकाल आले अन आमच्याकडे आलेल्या प्रश्नांत निम्मे तरी मोबाईलवाल्यांचेच निघाले, त्यामुळे या अंकात बाकीचे प्रश्न बाजूला ठेवले. कोणी शेअर घेऊन बसलंय, कोणी रिचार्जनं वैतागलंय. प्रश्न वेगळे दिसतात पण बहुतेकांचं उत्तर फिरून एकाच आकड्यावर येते, ते पुढे दिसेलच.

प्रश्न : भाऊ, मी बँकेतून रिटायर झालो, नागपुरात मानेवाड्याला राहतो. मागच्या वर्षी पेपरात वाचलं की जिओचे एका तिमाहीत एक कोटीच्या वर ग्राहक गेले, अन त्याच बातमीत खाली लिहून होतं की नफा वाढला. आमच्या ब्रँचमधून एवढी खाती गेली असती तर मॅनेजरची बदली गडचिरोलीला झाली असती. हे गणित काय आहे?

उत्तर : काका, बातमी दोन्हीकडून खरी होती. जुलै २०२४ मध्ये तिन्ही खाजगी कंपन्यांनी दोन दिवसांत रेट वाढवले, जिओचा २३९ वाला प्लॅन २९९ झाला, एअरटेलचा २६५ वाला पण २९९ झाला, जिओचा खालचा १५५ वाला १८९ वर गेला. त्यानंतरच्या तिमाहीत जिओचे जवळपास १ कोटी ९ लाख ग्राहक कमी झाले. आता दुसरा आकडा बघा, दर ग्राहकामागे महिन्याला सरासरी किती रुपये येतात त्याला एआरपीयू म्हणतात, बाजारातले लोक आर्पू म्हणतात, तो जिओचा जून २०२४ च्या तिमाहीत १८१ रुपये ७० पैसे होता, सप्टेंबरला १९५, डिसेंबरला २०३, अन सप्टेंबर २०२५ ला २११ च्या वर गेला. म्हणजे माणशी तीसेक रुपये वाढले. जिओकडे ४८ कोटी ग्राहक धरा अन माणशी फक्त १० रुपये वाढले असं समजा, तर महिन्याला ४८० कोटी अन वर्षाला ५,७६० कोटी होतात, अन त्यासाठी नवीन माणूस एकही जोडावा लागत नाही!

आता हे सगळं नफ्यात कसं जाते ते पाहा. सकाळच्या तर्री पोह्याच्या ठेल्यावर बसा थोडा वेळ. ठेलेवाल्याचा गॅस, जागा, पोऱ्याचा पगार, कढई हे सगळं पहिली प्लेट विकायच्या आधीच लागून गेलेलं असते, म्हणून प्लेटमागे पाच रुपये वाढवले अन दहातलं एखादं गिऱ्हाईक रुसून गेलं तरी गल्ल्यात जास्तच पडते. टॉवरचंही तेच आहे, वीज, भाडं, स्पेक्ट्रमचे म्हणजे सरकारकडून लिलावात घेतलेल्या रेडिओ लहरींचे हप्ते हे तुम्ही बोला नाहीतर गप्प बसा, कंपनीला भरावेच लागतात. त्यामुळे वाढलेल्या रुपयातला मोठा भाग सरळ खाली नफ्यात उतरते.

अन गेले कोण हे पण बघायला पाहिजे ना. आपल्याकडे जिओ आलं २०१६ च्या सप्टेंबरमध्ये, मार्च २०१७ पर्यंत सगळं फुकट होतं, तेव्हा घरोघरी दोन-दोन सिमचे फोन झाले, एक नंबर जुना, एक फुकटच्या डेटाचा. रेट वाढले की माणूस पहिले दुसरं सिम बंद करते. कागदावर ग्राहक गेला पण तो तसाही पैसे देत नव्हता. म्हणून ट्रायचा, म्हणजे मोबाईल कंपन्यांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी नियामकाचा, महिन्याचा आकडा येते तेव्हा एकूण सिम किती हे बघून थांबू नका, त्यातले चालू किती तेही त्यात दिलेलं असते, तो आकडा जास्त कामाचा आहे.

एक गंमत अजून. २८ दिवसांचा प्लॅन असला की वर्षात बारा नाही, तेरा रिचार्ज बसतात. ट्रायनं २०२२ मध्ये प्रत्येक कंपनीला निदान एक प्लॅन ३० दिवसांचा अन एक दर महिन्याच्या त्याच तारखेला रिन्यू होणारा ठेवायला लावला, पण दुकानात जाऊन विचारा, समोर येते तो २८ वालाच. तेराव्या रिचार्जचं नाव कोणत्याच जाहिरातीत सापडत नाही, मीच एकटा बोंबलत बसतो.

प्रश्न : मी सीए करते, धरमपेठेत राहते. दोघांचे रेट जवळपास सारखेच असताना एअरटेलचा आर्पू २५६ अन जिओचा २११ असं कसं? मग एअरटेल चांगली कंपनी म्हणायची का?

उत्तर : ताई, पहिले हे घ्या की दोघांची मोजायची पद्धत तंतोतंत सारखी नाही, त्यामुळे ४५ रुपयांचा फरक जसाच्या तसा धरू नका. पण फरक आहे हे खरं, अन तो मुद्दाम घडवलेला आहे.

२०१८ च्या शेवटी एअरटेलनं महिन्याला कमीत कमी ३५ रुपयांचा रिचार्ज सक्तीचा केला. तोपर्यंत आपल्याकडे लाइफटाइम व्हॅलिडिटीवाले लोक होते, वर्षभर फक्त मिस्ड कॉल देणारे, ते सगळे एका झटक्यात यादीतून गेले, कोटींच्या हिशोबात गेले, अन सगळ्यांना वाटलं एअरटेल बुडाली. वरून २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये सुप्रीम कोर्टाचा एजीआरचा निकाल आला, म्हणजे सरकारला द्यायचा वाटा कोणत्या कमाईवर मोजायचा तो जुना वाद, तो कंपन्या हरल्या. त्या एका तिमाहीत एअरटेलनं २३,०४५ कोटींचा तोटा दाखवला अन व्होडाफोन आयडियानं ५०,९२२ कोटींचा, देशात तोवर कोणत्याच कंपनीनं एका तिमाहीत एवढा तोटा दाखवला नव्हता. तिथून एअरटेलनं २०२१ मध्ये राइट्स इश्यू काढून, म्हणजे आपल्याच शेअरवाल्यांना नवे शेअर देऊन, २१,००० कोटी उभे केले, पोस्टपेड, घरचं ब्रॉडबँड अन ऑफिसची कामं यावर जोर दिला, अन आफ्रिकेतला धंदा, जो २०१० मध्ये १०.७ अब्ज डॉलरला घेतला तेव्हा सगळे हसले होते, तो पण २०१९ मध्येच लंडनच्या शेअर बाजारात लिस्ट झाला होता. थोडक्यात संख्या सोडून खिसा पकडला.

जिओचं उलट आहे, त्यांना संख्या पण पाहिजे. ९९९ रुपयांचा जिओभारत फोन अन १२३ चा रिचार्ज हा साध्या टूजी फोनवाल्या माणसाला ओढायसाठीच होता, असा ग्राहक आला की सरासरी खाली येणारच. मग कोण चांगली? मला विचाराल तर एअरटेलनं हातातल्या पैशाचा हिशोब जास्त नीट ठेवलाय. २०२२ च्या लिलावात जिओनं ८८,०७८ कोटींचं स्पेक्ट्रम घेतलं, त्यात ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा, जो भिंतीतून आत जाते पण महाग पडते, अन फाइव्ह जीसाठी वेगळंच नेटवर्क उभं केलं. एअरटेलनं ४३,०८४ कोटीत भागवलं अन चालू फोर जीच्या पाठीवरच फाइव्ह जी बसवलं. आजपर्यंत तरी गिऱ्हाइकाला या दोनमधला फरक काही जाणवला नाही, पुढे जाणवेल असं जिओवाले म्हणतात. रिलायन्सच्या २०२५ च्या वार्षिक सभेत मुकेश अंबानींनी २०२६ च्या पहिल्या सहामाहीपर्यंत जिओचा आयपीओ, म्हणजे शेअर पहिल्यांदा बाजारात, आणायचं ठरवलंय असं सांगितलं, अन आयपीओ आणायचा म्हणजे आर्पू चढता दाखवावा लागते, हे मात्र ध्यानात ठेवा.

प्रश्न : आपल्या नागपुरात फाइव्ह जी एवढ्या लवकर आलं, तरी मनीषनगरात घरी वायरचं इंटरनेट पाहिजे म्हटलं तर कंपनीवाला छतावर डबा बसवून द्यायला बघते. फायबर काहून देत नाही?

उत्तर : लवकर आलं हे बरोबर, २०२२ च्या दसऱ्याला दीक्षाभूमीवर गर्दी होती अन दुसऱ्याच दिवशी, ६ ऑक्टोबरला, एअरटेलनं ज्या पहिल्या आठ शहरांत फाइव्ह जी सुरू केलं त्यात दिल्ली-मुंबईसोबत आपलं नागपूर होतं. पुणं नव्हतं बरं का, हे मी पुण्याच्या मेव्हण्याला अजून सांगत असतो.

आता डब्याचं. फायबर टाकायचं म्हणजे खोदायचं, खोदायचं म्हणजे मनपाची परवानगी अन पैसे, अन आपल्याकडे तर अर्ध्या गावाचे रस्ते सिमेंटचे करून ठेवलेत, ते फोडायला कोण देते? मग केबल खांबावरून लोंबकळत नेतात, माकड नाहीतर ट्रक तोडून टाकते. इकडे फाइव्ह जीच्या टॉवरची क्षमता रिकामी पडून आहे कारण लोकांच्या हातातले सगळे फोन काही फाइव्ह जीचे नाहीत. ती क्षमता छतावरच्या डब्यातून घरात विकली की केलेला खर्च वसूल होते. जिओनं २०२३ च्या गणेश चतुर्थीला एअरफायबर, म्हणजे हाच छतावरचा डबा, सुरू केलं ते याच हिशोबानं, एअरटेलनं त्याच्या दीडेक महिना आधी दिल्ली-मुंबईत केलं होतं. घरात डबा लागला की सोबत टीव्ही, ओटीटी, अन घरातले तीन मोबाईल त्याच कंपनीचे, मग माणूस पोर्ट करत नाही, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलत नाही. महिन्याला सोडून जाणाऱ्यांचा टक्का कमी ठेवायचा हा सगळ्यात सोपा रस्ता आहे. तुमच्या लाइनीत फायबर खरंच असेल तर तेच घ्या, नसेल तर डबाही वाईट नाही, फक्त बसवायच्या आधी संध्याकाळी नऊ वाजता शेजाऱ्याकडचा स्पीड बघून या, सकाळी अकराचा बघून उपयोग नाही.

फाइव्ह जी अनलिमिटेड पण आता सगळ्यांना नाही, जुलै २०२४ मध्ये जिओ-एअरटेलनं ते रोज २ जीबी किंवा जास्तवाला प्लॅन घेणाऱ्यालाच ठेवलं. एक पायरी वर चढवायची युक्ती, बाकी काही नाही.

प्रश्न : इतवारीत दुकान आहे. आयडियाचा नंबर बिर्ला एटी अँड टीच्या काळापासून, म्हणून जीव लावून व्होडाफोन आयडियाचे शेअर घेतले. सरकार मालक झालं म्हणजे आता कंपनी बुडत नाही ना?

उत्तर : भाऊ, नंबरवर प्रेम असू द्या, शेअर वेगळी गोष्ट आहे. २०१८ च्या ऑगस्टला दोन कंपन्या एक झाल्या तेव्हा ४० कोटींच्या वर ग्राहक होते, आज २० कोटींच्या आत आहेत. सरकारनं पैसे घातले नाहीत, आपलं येणं शेअरमध्ये बदलून घेतलं, २०२३ मध्ये १६,१३३ कोटी अन २०२५ मध्ये ३६,९५० कोटी, दोन्ही वेळा १० रुपयांच्या भावानं, म्हणून सरकारचा हिस्सा ४९ टक्क्यांच्या जवळ गेला. यात कंपनीच्या गल्ल्यात नवा रुपया आला नाही, फक्त देणं कमी झालं, अन तुमच्या हातातल्या शेअरचा वाटा बारीक झाला. नवा पैसा आला होता तो एप्रिल २०२४ च्या एफपीओतून, म्हणजे लोकांना पुन्हा नवे शेअर विकून, १८,००० कोटी, ११ रुपयांनी. तो टॉवर अन फोर जीवर लागला.

ऑक्टोबर २०२५ च्या शेवटी सुप्रीम कोर्टानं सरकारला यांच्या एजीआरच्या थकबाकीचा फेरविचार करायची मोकळीक दिली, शेअर तेव्हा त्यावरच हलला. बुडू देणार नाहीत असं मलाही वाटते, दोनच खाजगी कंपन्या उरल्या तर सरकारलाही अवघड जाईल. पण कंपनी जगली म्हणजे शेअरवाला तरला असं होत नाही. मी सल्लागार नाही, पण माझे पैसे असते तर मी तिमाहीला दोनच गोष्टी बघितल्या असत्या, ग्राहक गळायचे थांबले का, अन बँका नवीन कर्ज देतात का. दुसरीचं उत्तर हो आलं की मग बोलू.

प्रश्न : आई सावनेरला एकटी असते, साधा फोन, इंटरनेट नको. तरी डेटावालाच पॅक मारावा लागते. बीएसएनएल करून देऊ का?

उत्तर : ताई, डेटावाला सक्तीचा नाही. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायनं सांगितलं की फक्त कॉल अन एसएमएसचे पॅक ठेवा, जानेवारीत आले सुद्धा, जिओचा तेव्हा ८४ दिवसांचा ४४८ ला होता, एअरटेलचा ४६९ ला. दुकानदार स्वतःहून सांगत नाही. ॲपमध्ये खाली शोधावे लागतात, नाव घेऊन मागा.

बीएसएनएलचं म्हणाल तर कंपनी सुधारून राहिली हे खरं, डिसेंबर २०२४ च्या तिमाहीत २६२ कोटींचा नफा दाखवला, २००७ नंतर पहिल्यांदा. पण पूर्ण वर्षाला तोटाच राहिला. देशात बनवलेल्या यंत्रणेवरचं फोर जी २७ सप्टेंबर २०२५ ला सुरू झालं, टीसीएस, तेजस या कंपन्या अन सी-डॉट ही सरकारी संशोधन संस्था, यांचं काम आहे. सावनेरात आईच्या घराच्या आत, स्वयंपाकघरात, रेंज येते का ते शेजारच्या कोणाच्या बीएसएनएल फोनवर आधी बघा. येत असेल तर १९०० वर पोर्टचा एसएमएस करा, चालू कंपनीत ९० दिवस झालेले पाहिजेत अन आधीचं बिल बाकी नको. अन आईचा नंबर बँकेला, पेन्शनला जोडलेला असेल तर पेन्शन जमा व्हायच्या आठवड्यात पोर्ट करू नका, मधले काही तास सिम बंद राहते अन ओटीपी अडकून बसते.