आर्वीजवळच्या खेड्यात कॅन्सरच्या रुग्णाला घरीच वेदनाशमन मिळेल का?
हो, मिळू शकतं. वर्ध्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात पॅलिएटिव्ह केअरची, म्हणजे गंभीर आजारात वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या उपचारांची चौकशी करा. रुग्णाला दुखणं अंगावर काढू देऊ नका. मी ग्रामीण रुग्णालयात नर्स आहे. १९९४ साली स्थापन झालेल्या इंडियन असोसिएशन ऑफ पॅलिएटिव्ह केअरचा सर्टिफिकेट कोर्स डॉक्टर-नर्स दोघांसाठी असतो, म्हणून तो केलेलं कुणी आहे का, हे नेमकं विचारा. अडचण मॉर्फिनची, म्हणजे तीव्र वेदनांवरच्या औषधाची आहे. ते साध्या मेडिकलवर मिळत नाही. अंमली पदार्थ कायद्याच्या २०१४ च्या दुरुस्तीनंतर मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना ते ठेवता येतं, पण सगळ्या ठेवत नाहीत. निघण्याआधी फोन करा. आणि मॉर्फिनच्या गोळीसोबत पोट साफ होण्याचं औषध लिहून घ्याच, नाहीतर पोट घट्ट झालं की घरचे घाबरून मॉर्फिनच बंद करतात.