मुलासाठी आणलेल्या पुस्तकात मीच सापडले

प्रश्न: माझ्या ११ वर्षांच्या मुलाला गेल्या वर्षी ऑटिझम (इतरांशी वागण्या-बोलण्याची आणि आवाज, स्पर्श जाणवण्याची जन्मतः वेगळी घडण) आणि एडीएचडी (लक्ष टिकवणं, उतावीळपणा आवरणं कठीण जाणं), दोन्ही असल्याचं निदान झालं. त्याला समजून घ्यायचं म्हणून मी पुस्तकं वाचायला घेतली. त्याला लागू पडेल तिथे पेन्सिलीनं खूण करत होते. तिसऱ्या प्रकरणापर्यंत लक्षात आलं की अर्ध्याअधिक खुणा माझ्याच आहेत. मी ४३ वर्षांची आहे, नोकरी नीट चालू आहे. नवरा म्हणतो, "असली पुस्तकं वाचली की सगळ्यांनाच तसं वाटतं." आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "तू वर्गात पहिली यायचीस, तुला कसलं काय?" हा विषय सोडून देऊ का? आणि हे पुस्तक मुलाला वाचायला द्यावं का?

उत्तर: सोडू नका. मात्र पुस्तक पटलं म्हणजे निदान झालं, असंही धरू नका.

आधी तुमच्या यजमानांची शंका, कारण ती झटकून टाकण्यासारखी नाही. १९४८ साली बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञानं आपल्या ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला त्याच्या स्वभावाचं वर्णन लिहून दिलं. ते कितपत जुळतं याला पाचपैकी गुण द्यायचे होते. सरासरी आली ४.२६. आणि सगळ्यांच्या हातात मजकूर एकच होता, ज्योतिषाच्या पुस्तकातून घेतलेला. तेव्हा 'मला कधी कधी गर्दीतही एकटं वाटतं' किंवा 'मी कामं शेवटच्या दिवसावर ढकलते' अशा वाक्यांखाली तुम्ही खूण केली असेल, तर तिच्यावर फार विसंबू नका. ती वाक्यं कुणाच्याही अंगाला बसतात.

पण तुमच्या काही खुणा वेगळ्या असणार, याची मला जवळजवळ खात्री आहे. फोन लावण्याआधी समोरचा काय म्हणेल आणि आपण काय उत्तर देऊ हे तीन तीन वेळा मनात घोकणं. सदऱ्याच्या मानेजवळचं लेबल कापल्याशिवाय तो अंगात घालता न येणं. समोरच्याच्या डोळ्यांत किती वेळ बघितलं की पुरे, हे मोजत बसणं आणि त्या मोजण्याच्या नादात त्याचं बोलणंच निसटणं. अशा गोष्टी माणूस कुणाला सांगत नाही, कारण त्या सांगण्यासारख्या असतात हेच त्याला ठाऊक नसतं. त्या छापलेल्या दिसल्या की माणूस पुस्तक मिटून थोडा वेळ नुसता बसून राहतो.

तुम्ही असं करा. तेच पुस्तक पुन्हा घ्या आणि दुसऱ्या रंगाच्या पेन्सिलीनं, जे तुम्हाला अजिबात लागू होत नाही त्यावर खूण करा. हे काम मनापासून करा. मग उरलेल्या पहिल्या खुणांपाशी समासात तीन गोष्टी लिहा: हे केव्हापासून, कुठे कुठे, आणि त्यापायी काय सोसलं. निदान करणारे नेमकं हेच विचारतात. एडीएचडीची लक्षणं १२ वर्षांच्या आतच दिसू लागलेली असावी लागतात, आणि तीही एकाच ठिकाणी असून चालत नाही; घर, शाळा, काम यांपैकी किमान दोन ठिकाणी दिसावी लागतात. ऑटिझमची सुरुवातही बालपणातलीच, जरी पेलवण्यापलीकडचा भार अंगावर पडेपर्यंत ती पुष्कळदा झाकली जाते. विसरभोळेपणा दोन-तीन वर्षांपूर्वी सुरू झाला असेल, तर आधी झोप, थायरॉइड, नैराश्य, चिंता तपासून घ्या. तुमच्या वयात रजोनिवृत्तीच्या आधीचे बदलही त्यात येतात. आणि हे सगळं एडीएचडीच्या जोडीनंही असू शकतं, म्हणून तपासणी टाळू नका.

"मग इतकी वर्षं कुणाच्या लक्षात कसं आलं नाही?" हा प्रश्न तुमच्या मनात असेलच. बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ऑटिझमचं वर्णन केलं ते ११ मुलांवरून, त्यांत ८ मुलगे होते. त्यानंतर कितीतरी वर्षं या विषयावर लिहिलं ते डॉक्टरांनी आणि पालकांनी, म्हणजे बाहेरून बघणाऱ्यांनी. अमेरिकी पशुतज्ज्ञ टेंपल ग्रँडिन यांचं आत्मकथन १९८६ मध्ये आलं तेव्हा ऑटिझम असलेल्या व्यक्तीनं आतून सांगितलेलं असं काही वाचायला मिळणं फार दुर्मीळ होतं. लक्षणांच्या याद्या वाचून ज्यांना कधी काही वाटलं नाही, त्यांना आत्मकथनाच्या एका पानावर रडू का येतं, ते यात आहे. यादीत लिहिलेलं असतं 'नजरेला नजर देत नाही'. नजर देणारी, पण सेकंद मोजून देणारी मुलगी त्या यादीतून सुटते. ती वर्गात पहिली येत असेल तर विचारायलाच नको. शिवाय २०१३ पर्यंत अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या नियमावलीप्रमाणे ऑटिझम आणि एडीएचडी ही दोन्ही निदानं एकाच माणसाला देताच येत नसत. तुमच्या मुलाला मिळालेलं उत्तर तुमच्या बालपणी कागदावर अस्तित्वातच नव्हतं.

मुलाच्या पुस्तकात आई किंवा बाबा सापडणं हे फार वेळा घडतं. जुळ्यांच्या अभ्यासांतून दोन्हींची आनुवंशिकता साधारण ७० ते ८० टक्क्यांच्या घरात येते. (याचा अर्थ मुलाला ते होण्याची शक्यता ८० टक्के असा नाही. माणसामाणसांतल्या फरकाचा किती वाटा आनुवंशिक घटकांचा, एवढंच तो आकडा सांगतो.)

आता आईबद्दल. तिला मत विचारू नका, आठवणी विचारा. "मला ऑटिझम होता का गं?" म्हटलं की तिला आपल्या संगोपनावर बोट ठेवल्यासारखं वाटतं आणि ती तुमच्या बाजूनं तुमच्याशीच भांडते. त्याऐवजी विचारा: मी डबा, छत्री किती वेळा हरवायचे? कोणत्या आवाजाला घाबरायचे? पाहुणे आले की कुठे जाऊन बसायचे? खेळायला बोलावलं तर जायचे का? आणि जुनी प्रगतिपुस्तकं असतील तर त्यांचे फोटो मागवून घ्या. गुण बाजूला ठेवा, शेरे वाचा. 'हुशार आहे, पण लक्ष देत नाही', 'अक्षर सुधारावे', 'फार अबोल' हे शेरे आज उपयोगी पडतात. बोलता बोलता आई "मीही अशीच होते की" म्हणाली, तर तिथे थांबा. तिला त्याचं नाव सांगण्याची घाई करू नका.

माझं स्वतःचं एडीएचडीचं निदान चाळिशीनंतर, परदेशात झालं, म्हणून एक गोष्ट अनुभवानं सांगते. लहानपणी कशी होतीस असं मला इंग्रजीत विचारलं गेलं आणि मी इंग्रजीत उत्तरं दिली. नीटनेटकी, मोठ्या बाईची उत्तरं. घरी आल्यावर सहज वहीत एक शब्द लिहिला, 'धांदरट'. त्या शब्दासरशी शाळेचा जिना दिसला, पायऱ्यांवर सांडलेली कंपासपेटी, घरंगळत गेलेला शार्पनर, आणि पाठीमागून बाईंचा आवाज. त्या दिवशी मी चार पानं लिहिली. इंग्रजीत यातलं काहीच वर आलं नव्हतं, कारण ते घडलं होतं मराठीत. म्हणून तज्ज्ञांच्या भेटीला जाण्याआधी बालपणाबद्दल मराठीतच लिहा. वेंधळी, एकलकोंडी, हट्टी, आळशी, कुठे लक्ष असतं हिचं: जे जे ऐकलंत ते लिहा, प्रत्येकापुढे एक प्रसंग लिहा, आणि तपासणी इंग्रजीत होणार असेल, तर मग त्या प्रसंगांचं इंग्रजी करून न्या. ज्या शब्दांनी तुम्हाला हिणवलं, तेच आता तुमचा पुरावा आहेत.

निदान मनोविकारतज्ज्ञ किंवा चिकित्सा मानसशास्त्रज्ञ करतात. त्यासाठी रक्ताची तपासणी नाही, मेंदूचा स्कॅन नाही. मुलाखत आणि पूर्वेतिहास यांवरच सगळं चालतं. जागतिक आरोग्य संघटनेची प्रौढांसाठीची १८ प्रश्नांची एडीएचडी प्रश्नावली घरी भरायला हरकत नाही, पण ती चाळणी आहे, निकाल नव्हे. पुढे औषध सुरू झालंच, तर प्रवासाआधी त्या त्या देशाचे नियम बघा. मिथाइलफेनिडेट हे एडीएचडीवरचं औषध बऱ्याच देशांत नियंत्रित आहे आणि अॅडरॉल हे त्यावरचंच दुसरं औषध जपानमध्ये नेणं बेकायदा आहे.

यजमानांना पुस्तक वाचायला देऊ नका. समासात लिहिलेलं दाखवा. "सगळ्यांनाच असं होतं" हे पुस्तकाबद्दल सहज म्हणता येतं; इतकी वर्षं ज्या बाईबरोबर संसार केला तिच्या अक्षरात तारखांसकट लिहिलेलं असेल, तर तसं म्हणायला जीभ रेटत नाही.

राहिला मुलगा. इथे मला तुमची थोडी काळजी वाटते. स्वतःला ओळखण्याच्या आनंदात आपण मुलालाही आपल्यासारखाच समजू लागतो. तुम्हाला गोंगाट नको असेल, त्याला हवा असेल. तुम्ही सगळं लपवून निभावलंत, त्याला लपवायचंच नसेल. अख्खं पुस्तक त्याच्या हातात देऊ नका. तुमची सर्वांत ठळक खूण असलेलं एक पान निवडा, त्याच्या शेजारी बसा आणि सांगा, ही खूण माझी आहे, मला असं होतं. मग विचारा, "यातलं तुझ्याबाबतीत काय काय चूक आहे?" निदान झाल्यापासून सगळी मोठी माणसं त्याला तो कसा आहे ते सांगताहेत, हे चुकीचं आहे, असं म्हणण्याची संधी त्याला फारशी मिळालेली नसेल. त्याला स्वतःची तिसऱ्या रंगाची पेन्सिल द्या, आणि त्यानं केलेल्या खुणा त्यानं आपणहून दाखवल्या तरच बघा.