तेलाचं पीक की त्वचेचं?

प्रश्न : एम. फार्म.च्या प्रकल्पासाठी एटीआर जोडणीच्या (नमुना क्रिस्टलला टेकवून मोजायची सोय असलेल्या) एफटीआयआर यंत्रावर, म्हणजे अवरक्त किरणांचं शोषण मोजणाऱ्या यंत्रावर, हाताच्या आतल्या बाजूची त्वचा मोजली. खोबरेल तेल लावून अर्ध्या तासानं टिशूनं पुसलं आणि पुन्हा मोजलं. २८५० सेमी⁻¹ (तरंगसंख्या : दर सेंटिमीटरला किती लहरी) जवळचं पीक, म्हणजे आलेखातला उंचवटा, २८५४ ला सरकलं. तेलानं त्वचेतल्या मेदाची रचना विस्कटली, असं लिहू का? (एक विद्यार्थिनी, नाशिक)

उत्तर : एवढ्यावर लिहू नका. ते पीक मेदाच्या लांब साखळ्यांमधल्या सीएच२ गटांचं. साखळ्या ताठ आणि दाटीनं रचलेल्या असल्या की ते २८५० च्या आसपास राहतं, त्या सैल होऊन वळल्या की २८५३-५४ कडे सरकतं. इथवर तुमचा तर्क बरोबर आहे. पण खोबरेल तेल २४-२५ अंशांना वितळतं आणि त्वचेचं तापमान असतं साधारण ३२. म्हणजे त्वचेवरचं तेल द्रवच, आणि द्रव तेलाचं स्वतःचं पीक नेमकं तिथेच येतं.

आता किरण किती खोल जातात याचा हिशेब करा. हिऱ्याचा क्रिस्टल आणि ४५ अंशांचा कोन असेल, तर २८५० पाशी किरणांची पोच जेमतेम पाऊण मायक्रोमीटर. १६५० पाशी सव्वा. दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम तेल लावलं, तर त्याचा थर होतो वीस मायक्रोमीटरहून जाड. टिशूनं बहुतेक तेल निघालं, तरी मायक्रोमीटरभर राहिलं की यंत्राला प्रामुख्यानं तेलच दिसणार.

खात्री करायची तर १७४५ जवळ पाहा. तिथे तेलातल्या एस्टरचं पीक येतं. सेबममुळेही (त्वचेच्या स्वतःच्या तेलकट स्रावामुळेही) ते थोडं असतं, म्हणून तेल लावण्याआधीच्या स्पेक्ट्रमशी (मापनाच्या आलेखाशी) तुलना हवी. ते वाढलं असेल आणि १५५० जवळचं त्वचेतल्या प्रथिनाचं अमाइड-२ पीक खाली गेलं असेल, तर क्रिस्टल आणि त्वचा यांच्यामध्ये तेल आहे.

पुन्हा कराल तेव्हा २×२ सेंटिमीटरचे तीन चौकोन आखा : एक कोरा, एक तेलाचा, एक फक्त चिकटपट्टीचा. तेल पिपेटनं मोजून ८ मायक्रोलिटर. मोजण्याआधी त्या व्यक्तीला अर्धा तास स्थिर आर्द्रतेच्या खोलीत बसवा, पावसाळ्यात तर नक्कीच, कारण पाण्याचं १६४० चं पीक प्रथिनाच्या अमाइड-१ पीकवर चढतं. अर्ध्या तासानं तेल टिपून घ्या, चिकटपट्टीनं वरचे तीन-चार थर काढा आणि खालची त्वचा मोजा. तिसरा चौकोन याचसाठी : अ‍ॅक्रिलिक गोंदाचे अंश त्वचेवर राहिले, तर त्यांचंही पीक १७३५ च्या आसपास येतं आणि ते तेलाचं वाटतं.

रिझोल्यूशन (यंत्र किती बारीक फरक वेगळा दाखवतं ते) २ सेमी⁻¹ ठेवा. तुम्ही शोधताय तो फरकच दोन-चार सेमी⁻¹ चा आहे. पीकची जागा डोळ्यांनी वाचू नका. आलेखाच्या दुसऱ्या डेरिव्हेटिव्हवरून किंवा पीकच्या गुरुत्वमध्यावरून गणितानं काढा. हात दर वेळी सारख्याच दाबानं टेकवा. प्रत्येक मापनाआधी क्रिस्टल आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून कोरडा करा आणि नवा बॅकग्राउंड (रिकाम्या क्रिस्टलचं मापन) घ्या. क्रिस्टलवर श्वास गेला, तरी १४०० ते १९०० मध्ये बाष्पाच्या रेषांचं जंगल उगवतं.

ओलेइक आम्लासारखा घटक तपासायचा असेल, तर त्याची ड्युटेरियमयुक्त (साध्याऐवजी जड हायड्रोजन असलेली) आवृत्ती मिळते. तिची सी-डी (कार्बन-ड्युटेरियम) पीक २१०० ते २२०० मध्ये येतात आणि त्या पट्ट्यात त्वचा जवळपास गप्प असते. त्यामुळे घटकाचं आणि त्वचेच्या मेदाचं पीक आपोआप वेगळं होतं. महाग आहे, आणि हे डुकराच्या कानाच्या त्वचेवरच करा. कान गरम पाण्यात बुडवून केस काढलेला नसावा : त्या उष्णतेनं मेदाची रचना आधीच बिघडलेली असते. माणसांवर मोजायचं तर एथिक्स कमिटीची मंजुरी आधी, तेल नंतर.

प्रश्न : क्रीममधला घटक किती खोल गेला, हे त्वचा न कापता कळतं का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : कळतं, कॉन्फोकल रामन स्पेक्ट्रोस्कोपीनं, म्हणजे लेझर ठरावीक खोलीवर रोखून तिथून विखुरलेल्या प्रकाशावरून घटक ओळखायच्या पद्धतीनं. मुळाशी १९२८ चा रामन परिणामच आहे : रेणूंवरून विखुरताना थोड्या प्रकाशाचा रंग बदलतो. लेझर त्वचेत दोन-दोन मायक्रोमीटरनं खोल नेत प्रत्येक टप्प्यावर स्पेक्ट्रम घेतात. स्ट्रॅटम कॉर्नियम, म्हणजे त्वचेचा सर्वांत वरचा थर, हाताच्या आतल्या बाजूला साधारण १० ते २० मायक्रोमीटर जाड असतो, त्यामुळे तीसपर्यंत गेलं तरी पुरतं. घटकाच्या पीकला केराटिनच्या (त्वचेतल्या मुख्य प्रथिनाच्या) पीकनं भागा. नुसती उंची बघितलीत, तर खोलीबरोबर सगळाच सिग्नल घटतो आणि घटक आत गेलाच नाही असं वाटतं.

सावळ्या त्वचेत मेलॅनिनचा फ्लुरोसन्स (लेझर पडल्यावर येणारी चमक) पीक झाकून टाकतो. म्हणून दृश्य हिरव्या लेझरपेक्षा ७८५ नॅनोमीटरचा बरा. शून्य खोली कुठे धरली तेही लिहून ठेवा. केराटिनचा सिग्नल कमाल पातळीच्या निम्म्यावर येतो तो बिंदू बहुधा धरतात. वर क्रीमचा थर असेल तर हा बिंदू चुकतो आणि पृष्ठभागावरचं क्रीम 'आत शिरलेलं' दिसतं. ग्लिसरीन टक्क्यांमध्ये असतं, ते सहसा सापडतं. एक टक्क्याहून कमी प्रमाणातल्या घटकासाठी मात्र त्याचं पीक जोरकस आणि त्वचेच्या पीकपासून वेगळं आहे का, हे आधी शुद्ध घटकावर तपासा. नसेल तर रामनच्या मागे लागू नका. चिकटपट्टीनं थर काढून त्यातला घटक एचपीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) मोजा.