केमो झेपेल का, हे वयावरून ठरवतात का?

मागच्या आठवड्यात एकांचा फोन आला. वडील 79 वर्षांचे, कॅन्सरचं निदान नुकतंच झालेलं. "म्याडम, डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवले आणि वडलांना खुर्चीतून उठा, चाला, परत बसा म्हणाले, भूक लागते का, गोळ्या किती खाता, असलंच विचारत बसले. वय झालंय म्हणून केमो नाकारायची तयारी चाललीय का ही?"

सांगली-मिरजेत समुपदेशन करताना हा प्रश्न मला दर महिन्याला एकदा तरी येतोच, शब्द वेगळे, भीती तीच. त्यांना मी एका आजींची गोष्ट सांगितली, तीच इथं लिहिते, ओळख पटेल असं सगळं बदलून.

आजी तासगाव बाजूच्या, वय 76. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन तीन आठवडे झालेले, जवळच्या लसिका गाठींमध्येही कॅन्सर सापडला होता म्हणून आता केमो. मुलगा द्राक्षबागायतदार, बोलायला एकदम फास्ट. मी वयस्कर कॅन्सर पेशंटसाठीचा जी-८ नावाचा फॉर्म भरायला घेतला, त्यात आठच प्रश्न असतात: जेवण कमी झालंय का, तीन महिन्यांत वजन उतरलं का, घराबाहेर पडता का, विसरभोळेपणा किंवा उदासी आहे का, उंचीच्या मानाने वजन किती, रोजची औषधं तीनपेक्षा जास्त आहेत का, तुमच्या वयाच्या बाकीच्यांपेक्षा तब्येत कशी वाटते, आणि शेवटी वय. एकूण 17 मार्क, त्यातले वयाला फक्त 2! 14 किंवा त्याच्या खाली आले की चालणं, खाणं, गोळ्या, मन या सगळ्याची सविस्तर तपासणी करायची, एवढाच त्याचा अर्थ. केमो द्यायची की नाही हे तो फॉर्म सांगतच नाही.

तर मुलानंच सगळी उत्तरं दिली. आई टकाटक आहे, जेवण व्यवस्थित, वजन आहे तेवढंच, अजून बागेत चक्कर मारते, बीपीची एक गोळी सोडली तर काही नाही. झाले 16. आजी गप्प, पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसलेल्या. खरं सांगायचं तर पूर्वी मी असा फॉर्म तसाच पुढं पाठवला असता, पाठवलेतही.

त्या दिवशी मुलाला म्हटलं, घरात असतील नसतील त्या सगळ्या गोळ्या घेऊन या, आज नाही जमलं तर उद्या या. दुसऱ्या दिवशी भरलेली पिशवी आली, मग त्याला केसपेपरच्या लाइनीत पाठवलं आणि तेच आठ प्रश्न आजींना आणि सुनेला परत विचारले. भाकरी अर्धीच जाते, कारण कवळी ढिली झालीय. तीन महिन्यांपूर्वीचं वजन कुणालाच माहीत नाही पण सून म्हणाली ब्लाउज दोनदा आत घेतलेत. बागेत जाणं कधीच बंद, उंबऱ्याच्या बाहेरसुद्धा नाही. तब्येतीचं विचारल्यावर आजी म्हणाल्या, "माझ्या वयाच्या बायका आता राहिल्यात कुठं?" (याला फॉर्ममध्ये किती मार्क द्यायचे, मला अजून कळलेलं नाही, मी 1 दिला.) सगळे मिळून 10. बाई तीच, खुर्ची तीच.

आणि मग हळूच म्हणाल्या, "न्हाणीत दोनदा पडलीया. पोराला सांगू नगा, छाटणीचं दिवस हायत, त्येचं चित्त लागायचं न्हाय कामात."

फॉर्मपेक्षा हे मोठं होतं. कारण ठरलेल्या केमोत ऑक्झॅलीप्लॅटिन नावाचं औषध होतं, त्याने हातापायाला मुंग्या येतात, बधिरपणा येतो, आधीच पडणाऱ्या माणसाला ते दिलं तर पाय कुठं पडतोय तेच कळणार नाही. मी आजींना म्हटलं, मुलाला नाही सांगत पण डॉक्टरांना सांगावंच लागेल. त्या "बरं" म्हणाल्या. चार दिवसांनी मुलाला त्यांनी स्वतःच सांगितलं, तो माझ्यासमोर रडला.

पिशवीत काय निघालं? बीपीचं एकच औषध दोन कंपन्यांचं, एक गावातल्या डॉक्टरांचं, एक हॉस्पिटलचं, दोन्ही रोज चालू. वर झोपेची गोळी. चक्कर येणार नाही तर काय! डॉक्टरांनी एक गोळी बंद केली, झोपेची हळूहळू कमी करत आणली. कवळी दुरुस्त झाली, रोज दोन अंडी आणि दूध सुरू झालं, न्हाणीत धरायला पाइप बसवला, फिजिओथेरपिस्टनं खुर्चीतून उठबस करायला शिकवली. ऑपरेशननंतरची केमो फार लांबवता येत नाही, साधारण दोन महिन्यांच्या आत सुरू करतात, त्यामुळे हातात तीनच आठवडे होते. खुर्चीतून उठून तीन मीटर चालायचं, वळून परत येऊन बसायचं, याला आधी 19 सेकंद लागायचे, तीन आठवड्यांनी 14. मग ऑक्झॅलीप्लॅटिन वगळून नुसत्या गोळ्यांची केमो सुरू केली, तीही कमी डोसने. केमोच्या दुसऱ्या फेरीला जुलाब झाले, सुनेनं त्याच दिवशी फोन केला, गोळ्या थांबवल्या, मग परत चालू केल्या.

अमेरिकेत 70 च्या पुढच्या, बरा न होणारा कॅन्सर असलेल्या 718 जणांचा अभ्यास 2021 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. ज्यांच्या डॉक्टरांना अशा तपासणीचा रिपोर्ट आणि काय करावं याची यादी दिली होती त्यांच्यात गंभीर साइड इफेक्ट 51 टक्के लोकांना झाले, बाकीच्यांत 71 टक्के. सहा महिन्यांनंतर जगणाऱ्यांच्या प्रमाणात दोन्हीकडे खास फरक नव्हता. म्हणजे औषध जपून दिलं म्हणून माणसं लवकर गेली असं काही झालं नाही.

पण फोनवाल्यांना मी खोटी आशा दिली नाही. कधीकधी या तपासणीनंतर केमो नकोच असंही ठरतं. 68 वर्षांचे एक काका होते, दिवसभर अंथरुणात, बायकोनं भरवल्याशिवाय घास नाही, त्यांना डॉक्टरांनी केमो दिली नाही, दुखणं कमी ठेवण्यावर भर दिला. आजींपेक्षा आठ वर्षांनी लहान होते ते. त्यांचा मुलगा माझ्यावर खूप चिडला होता आणि त्याचा राग मला चुकीचा वाटला नाही.

फोनवाल्यांना एवढंच म्हटलं की पुढच्या व्हिजिटला वडलांना दहा मिनिटं डॉक्टरांशी एकटं बोलू द्या, आणि गोळ्यांची चिठ्ठी नको, घरातली अख्खी पिशवी न्या. ते म्हणाले, "वडील माझ्यापासून काही लपवत नाहीत हो." मी म्हटलं, असेल.

परवा त्यांचा मेसेज आला. पिशवीत अकरा प्रकारच्या गोळ्या निघाल्या, त्यातल्या चार त्यांनी आजवर पाहिल्याही नव्हत्या.