नववीत मोल अडलाय? आधी संयुजा तपासा

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलगी राज्य मंडळाच्या नववीत आहे, ‘द्रव्याचे मोजमाप’ या पाठात मोल (अणू-रेणू मोजायचं एकक) डोक्यावरून जातो, आणि तेवढ्यासाठी शिकवणी लावावी का.

थांबा जरा. २२ वर्षं नववी-दहावीला शिकवतोय. खापर मोलवर फुटतं, पण दुखणं बहुतेकदा आठवीतलं असतं. आज तिला फक्त अ‍ॅल्युमिनिअम सल्फेटचं रेणुसूत्र लिहायला सांगा. अडखळली, तर मोल राहू द्या बाजूला आणि संयुजा धरा, म्हणजे अणूची किंवा अणुगटाची दुसऱ्याशी जोडलं जाण्याची क्षमता.

संयुजेचा तक्ता पाठ करून घेण्यापेक्षा जुन्या लग्नपत्रिका कापा, जेवढी संयुजा तेवढी बोटं रुंद. सोडिअम एक बोट रुंद, सल्फेट दोन बोटं, अ‍ॅल्युमिनिअम तीन. वर-खाली दोन ओळी मांडायच्या, लांबी सारखी होईपर्यंत. वर अ‍ॅल्युमिनिअमचे दोन तुकडे, खाली सल्फेटचे तीन. झालं सूत्र, Al₂(SO₄)₃! तिरकस गुणाकाराची युक्ती (एकाची संयुजा दुसऱ्याखाली लिहायची) नंतर शिकवा. आधी शिकवली की मुलं कॅल्शिअम ऑक्साइडलाही दोन-दोन लावून मोकळी होतात.

पुढची ठेच समीकरण संतुलित करताना, म्हणजे दोन्ही बाजूंचे अणू सारखे करताना, लागते. हायड्रोजन आणि ऑक्सिजनपासून पाणी लिहिताना एक ऑक्सिजन कमी पडतो, म्हणून मुलं पाण्याच्या सूत्रात ऑक्सिजनखाली दोन लिहितात. हिशेब जुळतो, पण ते पाणी राहत नाही, हायड्रोजन पेरॉक्साइड होतं. बदलायचा तो सूत्राच्या आधीचा अंक, खालचा नाही. एवढं एक वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवायला सांगा.

आता मोल. हार्डवेअरच्या दुकानात खिळे कोणी मोजत बसत नाही, किलोवर देतात. एका खिळ्याचं वजन ठाऊक असेल तर किलोत किती खिळे ते निघतं. अणू-रेणूंचंही तसंच. पाण्याचं रेणुवस्तुमान (रेणूतल्या सगळ्या अणूंच्या वस्तुमानांची बेरीज) १८, म्हणून १८ ग्रॅम पाणी म्हणजे एक मोल. चहाच्या चमच्याने साडेतीन-पावणेचार चमचे. तेवढ्यात ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात इतके रेणू. तो आकडा पाहून पोरं घाबरतात. त्याला ‘डझन’सारखं एक नाव समजायचं, बस. मग वरचंच समीकरण पुन्हा काढा: दोन मोल हायड्रोजन ४ ग्रॅम, एक मोल ऑक्सिजन ३२ ग्रॅम, पाणी ३६ ग्रॅम. वस्तुमान अक्षय्यतेचा नियम (अभिक्रियेआधी आणि नंतर एकूण वस्तुमान तेवढंच) इथे तिला स्वतःच्या बेरजेत दिसतो.

आम्ल-आम्लारी, दर्शक (रंग बदलून आम्ल की आम्लारी ते सांगणारा पदार्थ) वगैरे भाग सोपा आहे. हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो, वर लिंबू पिळलं की परत पिवळा. हे घरीच दाखवा. (चांगल्या कपड्यावर नको, आमच्याकडे त्यावरून रामायण झालंय.)

दहावीत आवर्ती वर्गीकरण, अभिक्रिया व समीकरणे, धातुविज्ञान, कार्बनी संयुगे येतात, आणि संयुजा तिथेही पावलोपावली लागते. म्हणून शिकवणीचा विचार महिनाभर पुढे ढकला. रोज पाच सूत्रं आणि दोन समीकरणं, जेवणाआधी. कुठल्या मूलकाशी (सल्फेटसारखा भारित अणू किंवा अणुगट) अडते ते इथेच लिहा. माझा अंदाज, फॉस्फेट.