‘सर्कललाही द्यावे लागतात’

प्रश्न : वडील मार्चमध्ये गेले. वारसनोंदीसाठी तलाठी कार्यालयात बसणारा एक जण 5,000 रुपये मागतोय. ‘सर्कललाही द्यावे लागतात’ म्हणतो.

उत्तर : आधी हा ‘एक जण’ कोण ते बघा. तलाठी भाऊसाहेबांशेजारी खुर्ची टाकून दप्तर उलगडणारा हा माणूस बऱ्याचदा सरकारी नसतोच. गावात त्याला ‘झिरो तलाठी’ म्हणतात. (तलाठ्यांचं 2024 मध्ये ‘ग्राम महसूल अधिकारी’ झालं, झिरोंचं बारसं अजून व्हायचंय.) अर्ज ई-हक्क या सरकारी ऑनलाइन प्रणालीवर करा. कागदावर देणार असाल तर दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का मारून पोच घ्या. माझ्या एका पक्षकाराचा अर्ज दोनदा ‘हरवला’. तिसऱ्यांदा त्यांनी पोच घेतली, तो सापडला. फेरफार (हक्कातल्या बदलाची नोंद) गाव नमुना 6 ला, म्हणजे फेरफारांच्या नोंदवहीत, धरला की नोटीस निघते, हरकतीला 15 दिवस असतात, मग मंडळ अधिकारी (त्या माणसाचे ‘सर्कल’ ते हेच) नोंद प्रमाणित करतात. पैसे मागितले जातात ते या टप्प्यांच्या मधल्या शांततेत.

तरीही अडवलं तर 1064 वर एसीबीला, म्हणजे लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला, कळवा. मागणीची पडताळणी झाली की पावडर लावलेल्या नोटा तुमच्याकडे देतात. पंचांसमोर घेणाऱ्याची बोटं सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवतात, त्या पावडरमुळे पाणी गुलाबी होतं. झिरोच्या हाती पैसे दिले तरी तक्रार चालते, मध्यस्थही कायद्यात येतो.

प्रश्न : खरेदीखताची नोंदणी झाली. आता जमीन माझीच ना?

उत्तर : एवढ्यावर निर्धास्त होऊ नका. दुय्यम निबंधक मुद्रांक, ओळख, सह्या, अंगठे बघतात. विकणारा खरा मालक आहे का, याचा निवाडा ते करत नाहीत. म्हणून तर तोतये उभे करता येतात. सातबाराही मालकीचा अंतिम पुरावा नव्हे. खरं तर हे सगळं विसारापूर्वी बघायचं असतं : जुने फेरफार काढा, ‘इतर हक्क’ रकाना वाचा. बँकेचा बोजा, कुळाचं नाव तिथे दिसतं. कंसात टाकलेलं नाव दिसलं तर ते कोणत्या फेरफाराने कमी झालं ते शोधा. पुष्कळदा ती विकणाऱ्याची बहीण असते, आणि तिने हक्क सोडल्याच्या हक्कसोडपत्राचा पत्ताच नसतो.

प्रश्न : नाइलाजाने पैसे देऊन बसलो. तक्रार केली तर मीच अडकेन का?

उत्तर : भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातल्या 2018 च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. मात्र सक्तीने द्यावी लागली आणि 7 दिवसांत पोलीस किंवा एसीबीला कळवलंत तर सुटका आहे. तुमचं पत्र आलं तो पाचवा दिवस होता, म्हणून छापण्याची वाट न पाहता तुम्हाला फोन केला.