लीनचा कोड आला की लगेच सेन्सर बदलायचा का?

प्रश्न: माझी २०१४ ची पेट्रोल गाडी आहे. चेक इंजिनचा दिवा लागतो, सिग्नलला उभी असली की थरथरते. स्कॅनरवर पी०१७१ येतो. गॅरेजवाल्याने ऑक्सिजन सेन्सर नवा टाकला तरी आठवड्यात दिवा परत आला, आता इंजेक्टर बदलू म्हणतो. मी ब्लूटूथ स्कॅनर घेतलाय, त्यात लाँग टर्म फ्युएल ट्रिम आयडलला +२२ आणि २५०० आरपीएमला +६ दिसतं. काय करू? (एक वाचक, सांगली)

उत्तर: इंजेक्टरला अजिबात हात लावू नका. पी०१७१ म्हणजे मिक्श्चर लीन, हवा जास्त पेट्रोल कमी, एवढंच. सेन्सर खराब असं तो कोड कुठेच म्हणत नाही आणि तरी लोकांचे पैसे सगळ्यात जास्त तिथेच जातात याचं फार वाईट वाटतं. सेन्सर तपासायचा तर एकदा झटकन रेस द्या, स्कॅनरवर त्याचं व्होल्टेज ०.८ च्या वर उडालं की तो जिवंत आहे.

खरी गोष्ट तुमच्या दोन आकड्यांत आहे. +२२ म्हणजे ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) हिशोबापेक्षा २२ टक्के पेट्रोल जादा सोडतोय, या दुरुस्तीलाच ट्रिम म्हणतात. इंजेक्टर चोक असते किंवा पंप कमजोर असता तर रेस दिल्यावर ट्रिम असा खाली आला नसता, पंपाच्या बाबतीत तर उलट लोडवर वाढतो. तुमचा उतरतोय, म्हणजे एअर फ्लो सेन्सरच्या (आत जाणारी हवा मोजणारा) पुढे कुठूनतरी न मोजलेली हवा आत शिरतेय. आयडलला इंजिन मुळात हवा थोडी घेतं म्हणून तेवढीशी गळतीही मोठी दिसते, रेसमध्ये ती बुडून जाते. (इ२० म्हणजे २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमुळे ट्रिम थोडा प्लसकडे जातो हे खरं, पण तो दोन्हीकडे जातो, एकट्या आयडलला नाही.)

आता गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक लावून, आयडलवर ठेवा, शॉर्ट टर्म ट्रिम (त्या क्षणाची दुरुस्ती) स्क्रीनवर घ्या आणि पकडीला फडकं गुंडाळून व्हॅक्यूम पाइप (इंजिनच्या ओढीवर चालणारे रबरी पाइप) एकेक करून दाबा, ब्रेक बूस्टरचा, पीसीव्हीचा (इंजिनमधला वायू परत आत ओढणारा व्हॉल्व्ह). ज्याला दाबल्यावर ट्रिम धाडकन खाली येईल तिकडेच गळती. पीसीव्हीचा पाइप खालच्या बाजूने चिरतो, वरून दिसत नाही, बोट फिरवून बघा. फॅन आणि बेल्टपासून हात लांब. इथे नाही सापडलं तर मॅनिफोल्ड गॅस्केट (हवा आत नेणाऱ्या भागाच्या जोडावरचं सील), त्यासाठी गॅरेजमध्ये स्मोक टेस्टच (धूर सोडून गळती शोधणं) करायला सांगा. काम झाल्यावर कोड क्लिअर करून थोडी चालवा आणि आयडलचा ट्रिम परत बघा, दहाच्या आत बसला तरच बिल द्या.